किती बोटं?

लग्नाआधी माझी नजर तपासली होती. आमच्याकडे तशी रीतच होती. देवळीला माहेरच्या ओसरीवर मला पाटावर बसवलं, नाव विचारलं, चालून दाखव म्हणाले, आणि मग होणाऱ्या सासूबाईंनी कनवटीची सुई काढून माझ्या हातात दिली. "ओव वं पोरी." दिवेलागण होत आली होती, ओसरीत अंधारलं होतं आणि दोरा काळा. मी एका दमात ओवला. सासूबाई सोबत आलेल्या आपल्या भावाला, नाचणगावच्या मामाजींना, म्हणाल्या, "नजर साजरी हाये." तिथेच सोयरीक पक्की झाली.

नवऱ्या मुलाची नजर कोणी तपासली नाही. तो सिंदीच्या मिडल शाळेत इंग्रजीचा मास्तर होता, एवढ्यावर माझे वडील खूश. इंग्रजी वाचणाऱ्याला दिसतच असणार, असं त्यांना वाटलं असावं. हे सारा वेळ मान खाली घालून सतरंजी न्याहाळत बसले होते. माझं तोंड त्यांनी पाहिलं ते थेट अंतरपाट खाली गेल्यावर.

पन्नास साल उलटून थोडं झालं होतं. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर. सिंदीला स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं, आणि पलीकडे जिन, कापसातली सरकी काढायचा कारखाना. दिवाळीपासून होळीपर्यंत हवेत कापूस उडायचा आणि थापलेल्या भाकरीवरसुद्धा येऊन बसायचा. संध्याकाळी मी चुलीपुढे, हे पाटावर आणि सासूबाई उंबऱ्यात वाती वळत. सासरे कधीच गेले होते. मला चौथीपर्यंतचं मराठी येत होतं. इंग्रजी शिकवायची हौस ह्यांची. दिवसभर शाळेत घसा कोरडा करूनही ती फिटायची नाही.

अक्षरं झाल्यावर ह्यांनी एक शब्द धरून ठेवला. सी. "हा येक शब्द पक्का झाला, का अर्धी इंग्रजी आली समज." मला वाटलं, पाहणं ते पाहणं, त्यात पक्कं काय करायचं? पण हा शब्द भलताच हिंडफिऱ्या निघाला. 'आय सी' म्हणजे मी पाहतो नव्हे, मला समजलं. 'कम अँड सी मी' म्हणजे ये आणि मला भेट. डॉक्टरला सी करायचं म्हणजे प्रकृती दाखवायची. कोणाला गाडीवर पोचवायला जायचं तर सी ऑफ. आणि 'लेट मी सी' म्हणजे काहीच पाहायचं नाही, नुसतं डोकं खाजवायचं.

मी म्हटलं, "येवढ्या साऱ्याले एकच शब्द? साहेब गरीबच होता म्हना."

हे हसले. मग मीही चुलीतलं लाकूड मागे ओढून आपला पसारा मांडला. आपण नाडी पाहतो, मुलगी पाहतो, पंचांग पाहतो, भाजीत मीठ आहे का ते खाऊन पाहतो, आणि भांडण झालं की 'पाहून घेईन' म्हणतो. वाट पाहतो. ह्यांनी तेवढ्यावर बोट ठेवलं. वाट पाहायला इंग्रजीत सी चालत नाही, म्हणाले, त्याला शब्द वेगळा आहे. मी म्हटलं, "साहेबाले कोनाची वाट पाहाची पाळीच आली नसंन." उंबऱ्यातल्या सासूबाईसुद्धा हसल्या. आमच्या घरात तेव्हा हसणं इतकं स्वस्त होतं.

ह्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. दरवर्षी नव्या वर्गाला ते फळ्यावर लिहून देत आणि मलाही त्यांनी ते घोकायला लावलं. 'आय लुक्ड, बट आय डिड नॉट सी.' मी पाहिलं, पण मला दिसलं नाही. लुक म्हणजे आपण होऊन पाहणं, सी म्हणजे दिसणं. पाहणं आपल्या हातात आहे, दिसणं नाही, असं ते समजावून सांगत. मला ते फार शहाणपणाचं वाटायचं. आता त्या वाक्याचा मला राग येतो. ज्या माणसाने ते शेकडो पोरांना शिकवलं, त्याच्यावरच ते येऊन पडावं, हा कुठला न्याय?

पहिल्यांदा पाण्याचा गडू लवंडला. ताटाच्या डाव्या बाजूला ठेवलेला, ह्यांच्या कोपराने गेला. मग रोज काहीतरी. अंगणात वाळत घातलेल्या माझ्या कुरडया तुडवल्या, दाराच्या चौकटीवर खांदा आपटला, सासूबाईंच्या पायावर पाय दिला. मी फणकाऱ्याने म्हणायची, "डोये हायेत का बटनं?" आणि हेच हे संध्याकाळी रेल्वेच्या टाइमटेबलातली मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचून दाखवत. सुईत दोरा तर माझ्याहून लवकर ओवत. मग डोळ्यांचा संशय कोणाला यावा? समोरचं त्यांना लख्ख दिसत होतं. बाजूचं जग मात्र दोन्हीकडून हळूहळू बंद होत चाललं होतं, दुकानाच्या फळ्या एकेक करून लावाव्यात तसं. त्यांना स्वतःलाही ते कळत नव्हतं, कारण जे दिसत नाही ते दिसत नाही, हे कळणार कसं?

गावाने आपला अर्थ लावला. रस्त्याच्या कडेने कोणी राम राम घातला तर हे सरळ पुढे जात. लोक म्हणू लागले, मास्तर माजला. सासूबाईंच्या कानावर ते आलं तेव्हा त्या बोलणाऱ्याच्या दारात जाऊन भांडून आल्या.

मग डोकं दुखू लागलं, आणि कंदिलाभोवती रंगीत कडी दिसायला लागली. सुंठ उगाळून कपाळाला लावली, तुपाचे थेंब नाकात सोडले. शेवटी बाजाराच्या दिवशी आम्ही चष्मेवाल्याकडे गेलो. पेटीत चष्मे मांडून बसणारा तो माणूस दर आठवड्याला यायचा. त्याने ह्यांची हनुवटी उन्हाकडे फिरवली, पापणी वर ओढली आणि सांगितलं, "मोतीबिंदू धरून राह्यला मास्तर. कच्चा हाये. पिकू द्या."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. मोतीबिंदू म्हणजे त्यांच्या ओळखीचा रोग. नाचणगावच्या मामाजींना झाला होता. वर्ध्याच्या नेत्रशिबिरातून त्यांना एकदा परत पाठवलं होतं, कच्चा आहे म्हणून. वर्षभराने पूर्ण दिसेनासं झाल्यावर गेले, तर डॉक्टरने काढून दिला, आणि आता ते तुरीच्या डाळीतले खडे वेचत होते. मामाजी मुद्दाम सिंदीला आले आणि पिकला की नाही ते ओळखायची रीत शिकवून गेले. हातभर अंतरावर बोटं धरायची. मोजता आली तर कच्चा. मोजता आली नाहीत तर पिकला, मग शिबिराची वाट धरायची. "कच्चा कापला तं डोया जाते," असं त्यांनी जाताना दोनदा बजावलं. ज्याला दिसू लागलंय त्याचं कोण ऐकणार नाही?

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी, गहूतांदूळ घरात आले की, सासूबाई ह्यांना ओसरीवर बसवत आणि समोर हात धरत.

"किती बोटं रे बाबू?"

"तीन."

"कच्चाच हाये," असं म्हणून त्या सुस्कारा सोडत आणि आत जात. पुढच्या बाजाराला पुन्हा तेच. चार. कच्चा. दोन. कच्चा. आंब्याची अढी घातल्यासारखे आम्ही वाट पाहत होतो. हे ओट्यावरून पडले, गालाला खोक पडली, पण समोरची बोटं मोजत होते. आम्हाला वाटायचं, एवढं अडखळतात तरी मेला पिकत कसा नाही!

त्याच काळातली स्टेशनावरची गोष्ट. शाळेत ह्यांचे एक सोबती मास्तर होते, गावाच्या पलीकडच्या वस्तीतले. दोघे एकाच डब्यातलं खात, आणि त्यावरून गावात कुजबुज झाली तेव्हाही खाणं थांबवलं नाही. छप्पन साली दसऱ्याला ती सारी वस्ती नव्या धर्माची दीक्षा घ्यायला नागपूरला निघाली. फलाटावर पांढरे कपडे घातलेली माणसं मावत नव्हती. ह्यांनी मला आणि सासूबाईंना सांगितलं होतं, मी मित्राला सी ऑफ करायला जाणार, आणि मलाही सोबत नेलं. हे हार घेऊन फलाटावर उभे होते. गाडी सुटली तेव्हा ते मास्तर बाजूच्या डब्याच्या दारात उभं राहून हात हलवत होते, अगदी जवळून, ह्यांच्या डाव्या खांद्याशी. हे समोरच्या डब्याकडे टक लावून उभे. हार हातात तसाच. मी ओरडले, "अवो, इकडं!" तोवर डबा पुढे गेला होता. त्या दारातल्या माणसाचा हात खाली आलेला मी पाहिला.

नागपूरहून परत आल्यावर ते मास्तर ह्यांच्याशी बोलले नाहीत. ह्यांनी समजावून पाहिलं. "मले दिसले नाई तुम्ही." ते एवढंच म्हणाले, "बारीक अक्षरं दिसते तुमाले, मानूस नाई दिसत." त्यांचं तरी काय चुकलं? उभ्या जन्मात त्यांना न पाहिल्यासारखं करणारी माणसंच भेटली होती. त्यांत आमचं एक वाढलं. पुढे त्यांची बदली झाली आणि ते खरं कारण न कळताच गेले. ह्यांनी तो हार वाळेपर्यंत खुंटीवर ठेवला होता.

पुढच्या वर्षात समोरचंही जायला लागलं, आणि जायला लागलं ते झपाट्याने. पुस्तक नाकाशी न्यावं लागे. पण पुस्तक ह्यांना पाठच होतं, कुठल्या पानावर कुठलं चित्र आहे तेही. वर्गात ते पुस्तक उघडून धरत आणि धडाधड म्हणत. एकदा हे डबा विसरले म्हणून मी शाळेत गेले आणि खिडकीशी थांबले. हे फळ्यापुढे उभे राहून तेच वाक्य शिकवत होते, लुक आणि सी. मागच्या बाकावरची पोरं एकेक करून वाकून दाराबाहेर पडत होती, तोंडावर हात दाबून. शेवटी वर्गात कोणी उरलं नाही. ह्यांनी विचारलं, "समजलं का?" आणि उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला लागले. मी डबा खिडकीत ठेवला आणि घरी आले. त्या दिवशी मी किती रडले ते सांगून उपयोग नाही.

आणि मग तो बाजाराचा दिवस आला. सासूबाईंनी हात धरला. "किती बोटं?"

हे बराच वेळ त्या दिशेने बघत राहिले. "दिसत नाई माय."

सासूबाईंनी हात आणखी जवळ नेला, दुसरी बोटं धरली. "आता?"

"नाई दिसत."

"पिकला!" सासूबाई उभ्याच राहिल्या. "पिकला वं, पिकला!" त्यांनी देवापुढे दिवा लावला, डब्यातला गूळ फोडून गल्लीतल्या प्रत्येक घरी खडा दिला. केळझरच्या गणपतीला बोललेला नवस होता, तो फेडायला दुसऱ्याच दिवशी पायी गेल्या. मीही हसले. हेही हसले. मुलाला आईची बोटं दिसेनाशी झाली म्हणून घराने गूळ वाटला. असला अडाणी आनंद दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

हिवाळ्यात वर्ध्याला शिबिर भरलं. एका बंद जिनाच्या शेडमध्ये जमिनीवर भाताच्या तणसाच्या गाद्या घातलेल्या, त्यावर हिरव्या पट्ट्या बांधलेली माणसं ओळीने उताणी निजलेली, डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी रेतीच्या पिशव्या. सासूबाईंनी राहायची तयारी करूनच आणली होती. वळकटी, तवा, पीठ. त्या बाहेर कडुनिंबाखाली बसल्या आणि मी ह्यांचा हात धरून आत गेले.

बाहेरून आलेल्या डॉक्टरने बॅटरीचा झोत आधी एका डोळ्यात टाकला, मग दुसऱ्यात. बोटांनी डोळे दाबून पाहिले. पुन्हा झोत टाकला. मग मदतनिसाकडे वळून ते इंग्रजीत हळूच म्हणाले, "ही विल नेव्हर सी."

लुगडं नेसलेल्या बाईला आणि धोतरातल्या आंधळ्याला इंग्रजी येत असेल असं त्यांना कशाला वाटेल? त्या शब्दाचे सारे अर्थ मला चुलीपुढे शिकवलेले होते. इथे त्याला एकच अर्थ होता. माझ्या हातातला ह्यांचा हात एकदम गार पडला. त्यांनी मला विचारलं नाही, मीही त्यांना सांगितलं नाही.

मग डॉक्टर आमच्याशी हिंदीत बोलले. "ये मोतिया नहीं, काला मोतिया है." मराठीत काचबिंदू. तो पिकत नाही, आतल्या आत डोळा मारून टाकतो. सुरुवातीलाच आणलं असतं तर औषधाने, शस्त्रक्रियेने जेवढी नजर होती तेवढी राखता आली असती. "इतने साल क्या देखते रहे?" त्यांनी विचारलं. काय पाहत होतो? पिकण्याची वाट पाहत होतो. डॉक्टर रागीट नव्हते. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या माणसाकडे गेले.

शेडच्या दाराशी हे थांबले. "मायले सांगू नको," म्हणाले. "ते मरून जाईन. तिनंच थांबवून ठेवलं, असं तिले वाटंन."

"मंग काय सांगू?"

"कच्चा हाये म्हन."

सासूबाई वळकटी सोडत होत्या. "झाला का भरती?"

"कच्चा हाये माय," हे म्हणाले. "डाक्टर म्हनते, अजून दिसते तुले थोडं. मंग येजो."

"काऊन? बोटं तं दिसत नाईत तुले!" सासूबाई उठल्या आणि भर उन्हात त्यांनी ह्यांच्या तोंडासमोर हात धरला. "सांग, किती?"

मी ह्यांच्या मागे उभी होते. काय सुचलं कोणास ठाऊक, मी ह्यांच्या पाठीवर बोट टेकवलं आणि तीनदा दाबलं.

"तीन," हे म्हणाले.

सासूबाईंचा हात खाली आला. "अजून दिसतेच का रे तुले," असं म्हणून त्या मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मुलाला दिसतं म्हणून रडणारी आई मी त्या दिवशी पाहिली, आणि ती रडते म्हणून मला बरं वाटलं.

नोकरी गेली. हेडमास्तर भला माणूस, त्याने निभावता येईल तेवढं निभावलं होतं. मी जिनात कापूस निवडायला जाऊ लागले. मास्तरीण म्हणून ज्या बायका मला ओट्यावर बसायला जागा देत, त्यांच्याच पंगतीत बसून सरकी आणि कचरा वेगळा करू लागले. नजर साजरी होती ना माझी. इंग्रजी शिकणं शिबिराच्या दिवशीच संपलं होतं. हे दिवसभर ओसरीवर बसत. रस्त्याने पावलं वाजली की मान वळवत आणि अंदाजाने राम राम घालत, कधी माणसाला, कधी गाईला. आता मास्तर माजला असं कोणी म्हणत नव्हतं.

फक्त बाजाराच्या दिवशी आमचा खेळ चाले. सासूबाई समोर बसत, मी ह्यांच्या मागे, वेणी घालत असल्यासारखी किंवा शेंगा सोलत असल्यासारखी. त्या हात धरत. मी पाठीवर दाबायची. "चार." "कच्चाच हाये." आणि त्या आत जात. मला कधी कधी वाटायचं, चुकीचं दाबावं आणि एकदाचं संपवून टाकावं. चूल पेटवताना, जिनात खोकताना, रात्री ह्यांच्या शेजारी पडल्यावर हेच मनात यायचं. पण मग ही म्हातारी पुन्हा गूळ वाटेल आणि वळकटी बांधेल, आणि त्या शेडच्या दारातून आम्हाला पुन्हा बाहेर यावं लागेल, या भीतीने हात बरोबर दाबायचा.

दोन दिवाळ्या अशा गेल्या. मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. अंगात त्राण उरलं नव्हतं, पाणी चमच्याने पाजावं लागे. त्या बाजाराच्या दिवशी मी गेले नव्हते, पण गल्लीतून बैलगाड्या गेल्या त्यावरून त्यांना दिवस कळला असावा. त्यांनी ह्यांना बोलावलं. हे चाचपत येऊन खाटेशी बसले. मी सवयीने मागे बसले आणि पाठीवर हात ठेवला.

सासूबाईंनी हात वर केला नाही. त्यांनी ह्यांचा पंजा शोधून घेतला, तो उघडला, आणि आपली दोन बोटं त्यात ठेवून दाबली.

"किती रे बाबू?"

माझा हात पाठीवर तसाच होता आणि त्या हाताला कळत होतं की पाठ हलते आहे.

"दोन," हे म्हणाले.

"कच्चा हाये," सासूबाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना केव्हापासून ठाऊक होतं? शिबिरातून निघालो तेव्हापासून? की मध्येच कधी माझा हात ह्यांच्या पाठीमागे हलताना त्यांना दिसला होता? विचारायची सोय राहिली नाही. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

त्यानंतरही बाजाराच्या दिवशी मी पिशवी घेऊन घरी आले की हे ओसरीवर येऊन बसत आणि पाठ माझ्याकडे करत. मी हात धुऊन यायची, मागे बसायची आणि पाठीवर हात ठेवायची. दाबायला आता आकडा नसायचा.